चोवीस कणांची साक्ष

जपानच्या गिफू प्रांतात कामिओका नावाची एक जुनी खाण आहे. शिसे आणि जस्त काढण्यासाठी ती खणली गेली होती. १९८०च्या दशकात तिच्या पोटात, डोक्यावर एक किलोमीटर खडक घेऊन, शास्त्रज्ञांनी पाण्याची एक प्रचंड टाकी बांधली. तीन हजार टन अतिशुद्ध पाणी आणि टाकीच्या भिंतींवर सभोवार लावलेल्या सुमारे हजार मोठ्या काचेच्या नळ्या. अंधारातला क्षीणातला क्षीण प्रकाश टिपणारे ते डोळेच होते म्हणा ना. २३ फेब्रुवारी १९८७ या दिवशी त्या टाकीत तेरा सेकंदांच्या आत अकरा वेळा निळसर चमक उमटली. प्रत्येक चमक सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबातली. ती कुणी पाहिली नाही, कुणी दचकले नाही. चुंबकीय फितीवर अकरा नोंदी झाल्या आणि फीत पुढे फिरत राहिली.

त्याच सुमारास अमेरिकेत ओहायो राज्यातल्या, एरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत अशाच एका टाकीत आठ नोंदी झाल्या. तेव्हाच्या सोव्हिएत रशियात, कॉकेशस पर्वताखाली बाक्सान येथे पाच. अकरा, आठ आणि पाच मिळून चोवीस. एका मेलेल्या ताऱ्याने मरतानाच्या क्षणी पाठवलेला निरोप तो एवढाच. या चोवीस नोंदींवर त्यानंतर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. एका प्रचंड ताऱ्याच्या अंतरंगात शेवटच्या काही सेकंदांत नेमके काय घडते, याचा मानवजातीजवळ असलेला हा आजवरचा एकमेव थेट पुरावा आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. निम्मे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. तरी या विषयावर लिहावेसे वाटते, कारण न्यूट्रिनो नावाच्या या कणाची गोष्ट मुळात हिशेबाची आहे. आणि हिशेबाइतकीच ती वाट पाहण्याची आहे. वाट पाहणे ही एखाद्या समाजाची ताकद असू शकते, आणि ती आपण हळूहळू गमावत चाललो आहोत, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हिशेब. १९२०च्या दशकात पदार्थवैज्ञानिकांना एक फरक सापडत नव्हता. काही किरणोत्सारी अणूंच्या गर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. अणू आधी किती ऊर्जेचा होता आणि नंतर किती उरला हे ठाऊक असल्याने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनने ठरावीक ऊर्जा न्यायला हवी होती. प्रत्यक्षात तो कधी थोडी कमी, कधी बरीच कमी घेऊन निघे. जमाखर्चाचा मेळ बसत नव्हता. नील्स बोरसारख्या थोर माणसानेही, अणूच्या पोटात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कदाचित काटेकोर लागू नसेल, असे म्हणून पाहिले. बँकेतला कुणीही माणूस हे ऐकून चपापेल. दिवसअखेर रोकड जुळली नाही, म्हणून बेरजेचा नियमच चुकीचा म्हणायचा?

वोल्फगांग पाउली या तिशीतल्या शास्त्रज्ञाने ४ डिसेंबर १९३० रोजी आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले आणि वेगळा उपाय सुचवला. नियम बरोबर आहे. इलेक्ट्रॉनबरोबर दुसराही एक कण निघतो, त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, आणि तो आपल्याला दिसत नाही. फरक तोच घेऊन जातो. आमच्या भाषेत सांगायचे तर पाउलीने उचंत खाते उघडले. ज्या रकमेचा उलगडा आज होत नाही ती उचंत खात्यात टाकायची, पण विसरायची नाही. कधी ना कधी तिचे व्हाउचर सापडलेच पाहिजे. असा कण कधीच पकडता येणार नाही, अशी भीती खुद्द पाउलीलाच होती. एन्रिको फर्मीने त्याला न्यूट्रिनो हे नाव रूढ करून दिले. आणि १९५६ साली फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ तो पकडून पाउलीला तार केली. सव्वीस वर्षांनी खाते मिटले.

हा कण पकडणे इतके अवघड का? कारण तो कुणाशी बोलतच नाही. सूर्यापासून निघालेले सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जात असतात. रात्रीही जातात, कारण पृथ्वीचा गोल त्यांना काचेसारखा आहे. त्यांच्यापासून आपल्याला काडीचाही अपाय नाही, आणि आपल्याला त्यांची खबरही नाही. क्वचित, फार क्वचित, त्यातला एखादा पाण्याच्या रेणूतल्या एखाद्या कणाला धडकतो, आणि त्या धक्क्यातून निघालेला विद्युतभारित कण पाण्यात निळसर प्रकाश सोडतो. कामिओकाच्या टाकीने टिपली ती हीच चमक.

आता ताऱ्याकडे वळू. पाउलीने पत्र लिहिले त्याच १९३० सालच्या जुलैअखेरीस एकोणीस वर्षांचा एक तरुण मुंबईच्या बंदरातून बोटीने युरोपला निघाला होता. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. समुद्रप्रवासाच्या त्या दिवसांत त्याने आकडेमोड केली, आणि विझत आलेल्या ताऱ्याच्या गाभ्याला स्वतःचा भार किती पेलवेल याला एक मर्यादा आहे, असे त्याला आढळले. ही चंद्रशेखर-मर्यादा म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान. तिच्या पलीकडे गाभा टिकू शकत नाही, तो कोसळायलाच हवा. या कामाची पुरती कदर व्हायला वेळ लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली. एका डेकवर मांडलेले गणित आणि एका पत्रात मांडलेली शंका, दोन्ही एकाच वर्षातली. ५७ वर्षांनी त्या दोघांची गाठ एका ताऱ्याच्या मृत्यूत पडली.

सूर्याच्या आठपटींहून जड असलेले तारे उधळ्या श्रीमंतांसारखे जगतात. इंधन पुष्कळ, पण खर्च त्याहून अधिक. आधी हायड्रोजन जळून हेलियम होतो, मग हेलियमचा कार्बन आणि ऑक्सिजन, पुढे निऑन, सिलिकॉन. प्रत्येक नवे इंधन आधीच्यापेक्षा कमी काळ पुरते. हायड्रोजनवर तारा लक्षावधी वर्षे काढतो. सिलिकॉन जेमतेम काही दिवस पुरते. शेवटी गाभ्यात लोखंड साठते, आणि लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वरचे थर जळत असतात, त्यांची राख गाभ्यावर पडत असते, आणि ज्या क्षणी त्या गाभ्याचे वजन चंद्रशेखरांची रेषा ओलांडते, त्या क्षणी आधार सुटतो. काही हजार किलोमीटर व्यासाचा गाभा सेकंदाच्या आत ढासळतो आणि अखेर उरतो तो चर्चगेट ते अंधेरी एवढ्या व्यासाचा एक गोळा. त्यात वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत चेपले जाऊन न्यूट्रॉन बनतात, आणि प्रत्येक वेळी एक न्यूट्रिनो बाहेर निघतो. त्या भयंकर उष्णतेतून आणखी अगणित न्यूट्रिनो जन्माला येतात.

ही ऊर्जा किती? सूर्य आपल्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी देईल तिच्या शंभरपटींहून अधिक, आणि तीही दहा-पंधरा सेकंदांत. त्यातला ९९ टक्के हिस्सा न्यूट्रिनो घेऊन जातात. एक टक्का ताऱ्याचे थर भिरकावण्यात खर्च होतो. आणि ज्या झगमगाटामुळे या घटनेला ‘सुपरनोव्हा’ हे नाव पडले, जो झगमगाट एकेकाळी दिवसाढवळ्या दिसल्याची नोंद चिनी दरबारातल्या ज्योतिषांनी १०५४ साली केली, तो प्रकाश म्हणजे एकूण ऊर्जेचा दहा हजारावा भाग. रुपयातला पैसासुद्धा नव्हे. शतकानुशतके माणूस जो सोहळा पाहत होता तो मूळ व्यवहाराची चिल्लर होती. खरी रक्कम दुसऱ्याच दाराने निघून जात होती.

फेब्रुवारी १९८७मध्ये त्या दारावर पहिल्यांदाच कुणीतरी बसलेले होते.

मोठा मॅजेलॅनिक मेघ ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण, दक्षिण आकाशातली एक लहान दीर्घिका. तिथला एक निळा महातारा, सूर्याच्या सुमारे वीसपट जड, १ लाख ६८ हजार वर्षांपूर्वी कोसळला. पृथ्वीवर तेव्हा माणूस दगडाची हत्यारे घडवत होता. त्या निरोपाने तेवढी वर्षे प्रवास केला आणि २३ फेब्रुवारीला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी तो पृथ्वीवर पोहोचला. सोमवार होता. बँकांचे काउंटर तेव्हा दोनला बंद होत, त्यामुळे शेवटच्या तासाभराची गर्दी असणार, आणि नव्याने अधिकारी झालेला मी त्या गर्दीतच कुठेतरी असणार. माझ्या, तुमच्या, तेव्हा हयात असलेल्या प्रत्येकाच्या शरीरातून त्या ताऱ्याचे अब्जावधी न्यूट्रिनो गेले. गेले तेही वरून नव्हे. तो तारा त्या घटकेला आपल्या क्षितिजाखाली होता, म्हणजे न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटातून, आपल्या पायांखालून तिरपे वर आले. जपान आणि ओहायोतही ते जमिनीखालूनच आले.

प्रकाश मागाहून आला. सुमारे तीन तासांनी ऑस्ट्रेलियात घेतलेल्या एका छायाचित्रात तारा उजळलेला दिसतो, पण ते छायाचित्र कुणी लगेच तपासले नव्हते. पुढच्या रात्री चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेत इयन शेल्टन याने काचेची छायाचित्रपट्टी धुतली, तेव्हा तिच्यावर एक अनोळखी ठळक ठिपका होता. तो बाहेर येऊन आकाशाकडे पाहू लागला, तर तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. तिथलाच दुर्बीण-चालक ऑस्कर दुआल्दे याने तो आधीच पाहिला होता. १६०४ साली केप्लरने पाहिलेल्या ताऱ्यानंतर इतका तेजस्वी सुपरनोव्हा माणसाला दिसला नव्हता. बातमी जगभर पसरली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून टोकियोला फॅक्स आला: तुमच्या टाकीत काही दिसले का पाहा. कामिओकाहून फिती मागवल्या गेल्या, आणि नोंदी चाळता चाळता ती अकरा चिन्हांची दाटी सापडली.

एका तपशिलाकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. जपानी टाकीचे घड्याळ एखाद्या मिनिटाने मागेपुढे असू शकेल, अशी शंका होती. ओहायोतले घड्याळ अचूक होते, पण तिथे वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने चौथा हिस्सा नळ्या बंद पडलेल्या होत्या. एकाकडे पक्की वेळ, दुसऱ्याकडे अधिक नोंदी. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्या, तेव्हा साक्ष पुरी झाली. कुणा एकट्याकडे सगळे चोख नव्हते, आणि तरीही जगाने एक मोठी गोष्ट चोख जाणून घेतली.

काय जाणून घेतले? पहिले म्हणजे चंद्रशेखरांच्या गणितापासून सुरू झालेली, पुढे अनेकांनी रचलेली कोसळण्याची कहाणी खरी आहे. त्या चोवीस नोंदींवरून एकूण ऊर्जेचा हिशेब मांडला, तर एक न्यूट्रॉन तारा जन्माला येताना जेवढी सुटायला हवी जवळपास तेवढीच ती भरली. दुसरे म्हणजे हे न्यूट्रिनो एका झटक्यात आले नाहीत, दहा-बारा सेकंद येत राहिले. अख्खी पृथ्वी सहज भेदून जाणारा कण त्या गाभ्यात काही सेकंद अडकून पडला होता, इतकी तिथली घनता. सिद्धांताने हेच भाकीत केले होते. तिसरे म्हणजे न्यूट्रिनो आधी आणि प्रकाश नंतर का, याचेही उत्तर मिळाले. प्रकाशाला ताऱ्याचे थर फुटेपर्यंत थांबावे लागते, कारण गाभ्यातला धक्का पृष्ठभागावर यायला तासन्तास लागतात. न्यूट्रिनोंना तशी अडकाठी नसते.

चौथी गोष्ट पुढे फार कामाला आली. १ लाख ६८ हजार वर्षांच्या शर्यतीत न्यूट्रिनो आणि प्रकाश अवघ्या काही तासांच्या अंतराने पोहोचले. म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ एकच. २०११च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखाली पाठवलेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरमध्ये प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर झाले आणि आइनस्टाइन चुकला म्हणून जगभर मथळे झळकले. तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी शांतपणे १९८७ची वही उघडली. त्या वेगाने हिशेब केला तर मॅजेलॅनिक मेघातले न्यूट्रिनो प्रकाशाच्या तीन तास नव्हे, चारेक वर्षे आधी यायला हवे होते! पुढच्याच वर्षी इटलीतल्या उपकरणात प्रकाशतंतूची एक जोडणी सैल असल्याचे उघड झाले. जुनी, नीट ठेवलेली नोंद काय करू शकते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि पाचवी गोष्ट. त्या जागी न्यूट्रॉन तारा जन्मला, असे न्यूट्रिनोंनी १९८७ सालीच सांगितले होते. पण धुळीच्या आड तो कुणाला दिसेना. तो तिथे असल्याची प्रकाशातून मिळालेली भक्कम खूण जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२४ साली प्रसिद्ध झाली. जन्माचा दाखला आधी मिळाला होता, बाळाचे दर्शन ३७ वर्षांनी.

सगळेच उलगडले असे नाही. आल्प्समधल्या मों ब्लाँ बोगद्यातल्या एका उपकरणाने त्याच दिवशी, बाकीच्यांच्या सुमारे पावणेपाच तास आधी, पाच नोंदी केल्या होत्या. त्या वेळी इतर कोणाकडे तसे काही दिसले नाही. बहुतेक तज्ज्ञ तो योगायोग मानतात. पण ती नोंद कुणी खोडली नाही. तीही उचंत खात्यात आहे, आणि तेच योग्य.

“छान आहे, पण याचा आम्हाला काय उपयोग?” हा प्रश्न घरोघरी विचारला जाईल, आणि तो विचारायलाच हवा. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः अशाच जड ताऱ्यांच्या पोटात घडला. पण घडून भागत नाही. तारा फुटला नाही, तर तो माल कोठारातच राहील. कोसळणारा गाभा उसळून जो धक्का देतो तो वाटेतच थकतो, असे आकडेमोड सांगते. त्याला पुन्हा जोर येतो तो बहुधा जाता जाता आपल्या ऊर्जेचा लहानसा वाटा मागे ठेवणाऱ्या न्यूट्रिनोंमुळे. कुणाशीही न बोलणाऱ्या कणांनी त्या एका ठिकाणी थोडासा संवाद केला, म्हणून ऑक्सिजन अवकाशात विखुरला, आणि म्हणून पुढे कधीतरी आपण. ही यंत्रणा नेमकी कशी चालते, हे चोवीस नोंदींवरून ठरवता येत नाही. त्यासाठी हजारो नोंदी हव्यात, आणि त्या देईल तो आपल्याच आकाशगंगेतला पुढचा सुपरनोव्हा.

तो कधी होईल? शतकात एक ते तीन, असा साधारण अंदाज आहे. उद्या होईल किंवा ५० वर्षांनी. कुठला तारा, हेही ठाऊक नाही. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी, म्हणजे बेटलज्यूज, कधीतरी जाणार, पण ‘कधीतरी’ची मुदत लाखभर वर्षांची आहे. कदाचित तो तारा आकाशगंगेच्या धुळीच्या पडद्याआड असेल आणि प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचणारही नाही. न्यूट्रिनो मात्र नक्की येतील. कदाचित गाभा न्यूट्रॉन ताऱ्यावर न थांबता कृष्णविवर होईल, आणि न्यूट्रिनोंची धार मध्येच कापल्यासारखी थांबेल. कृष्णविवराचा जन्म त्या घटकेला नोंदवण्याची ती संधी असेल. हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत. इथे तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

म्हणून मला मासातोशी कोशिबा यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी ती टाकी ताऱ्यांसाठी बांधली नव्हती. प्रोटॉन कधी विघटित होतो का, हे त्यांना पाहायचे होते. तो काही झाला नाही. आजवर कुणालाच दिसलेला नाही. हाती आलेल्या अपयशावर हात चोळत न बसता त्यांनी टाकी सुधारली, पाणी आणखी शुद्ध केले, सूर्याचे न्यूट्रिनो टिपता यावेत इतकी ती संवेदनशील केली. १९८७च्या सुरुवातीला ती सज्ज झाली, फेब्रुवारीत निरोप आला आणि मार्चमध्ये कोशिबा टोकियो विद्यापीठातून निवृत्त झाले. २००२ साली त्यांना नोबेल मिळाले. लोक याला नशीब म्हणतात. नशीब होतेच. पण तो निरोप जगातल्या प्रत्येक इमारतीतून, प्रत्येक खाणीतून गेला होता. नोंद झाली ती जिथे दिवा लावून ठेवलेला होता तिथेच.

जपान तेवढ्यावर थांबला नाही. १९९६ साली ५० हजार टनांची सुपर-कामिओकांदे सुरू झाली. तिने न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याचे १९९८ साली दाखवले आणि त्यासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५चे नोबेल विभागून मिळाले. मध्यंतरी, नोव्हेंबर २००१मध्ये, एक नळी फुटली आणि तिच्या दणक्याने सहा हजारांहून अधिक नळ्या एकामागून एक फुटल्या. आपल्याकडे असे झाले असते तर काय काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्यांनी उरलेल्या नळ्या वाटून लावल्या, काम चालू केले आणि २००६पर्यंत सगळे पूर्ववत केले. जगभरची अशी उपकरणे एका इशारा-जाळ्याने जोडलेली आहेत. न्यूट्रिनो आले की प्रकाश पोहोचण्याआधीच वेधशाळांना वर्दी जावी, ही व्यवस्था. २०२५मध्ये चीनमधल्या जुनो या २० हजार टनांच्या उपकरणानेही नोंदी घ्यायला सुरुवात केली.

या रांगेत आपण कुठे? वाचून आश्चर्य वाटेल, पण एकेकाळी पहिल्या ओळीत. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटर खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानमधल्या ओसाका सिटी आणि इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठांबरोबर प्रयोग मांडले होते. १९६५ साली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात प्रथम नोंदवले गेले ते तिथे, आणि जवळपास त्याच वेळी राइन्स यांच्या गटाकडून दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन ही त्या कामामागची नावे. प्रोटॉनचा क्षय शोधण्याचे प्रयोगही तिथे झाले. पुढे सोने परवडेनासे झाले, प्रयोग थांबले आणि २००१ साली खाण बंद झाली. सोन्याच्या भावाने खाण तोट्यात असेलही. पण तिथे जे दुसरे सोने निघत होते त्याला कुठल्या ताळेबंदात रकानाच नव्हता.

मग तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारायचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५मध्ये मंजुरी दिली. स्थानिकांचा विरोध, न्यायालये, परवाने यांत ती अडकली आणि २०२२ साली राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला. तिथले नियोजित लोखंडी उपकरण मुख्यतः वातावरणातल्या न्यूट्रिनोंसाठी होते, ते असते तर सुपरनोव्हा टिपलाच असता असा माझा दावा नाही. मुद्दा सवयीचा आहे. अशी एक जागा असली की तिच्याभोवती माणसे तयार होतात, उपकरणे घडवणारे हात तयार होतात, आणि एका कामासाठी बांधलेली टाकी दुसऱ्या मोठ्या कामाला येते.

थेनीच्या गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते मला मान्य नाही. न्यूट्रिनोंची भीती निराधार, पण डोंगर, सुरुंग, पाणी यांबद्दलची काळजी निराधार म्हणता येणार नाही. कर्ज मंजूर करताना आम्ही जामीनदाराला समोर बसवून अटी वाचून दाखवत असू. त्याची सही नुसती घ्यायची नसते, त्याला कळलेही पाहिजे. विज्ञानाच्या मोठ्या प्रकल्पात जवळचे गाव हा जामीनदार असतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत, आधी, पुरेसे बोलले गेले पाहिजे. हा धडा आपल्याला महाराष्ट्रातही लवकरच लागणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्राने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. कोसळणाऱ्या ताऱ्याचा गाभा हादरतो तेव्हा न्यूट्रिनोंच्या बरोबरीने गुरुत्वीय लहरीही निघाव्यात, असे शास्त्र सांगते. पुढचा निरोप आला तर त्याची एक प्रत हिंगोलीत पोहोचू शकेल. तिथल्या शाळकरी मुलांना हे आतापासून सांगायला काय हरकत आहे?

गरीब देशाला हे परवडते का, असे विचारणारे प्रामाणिक असतात. रुग्णालये आणि शाळा आधी, हे मलाही मान्य. पण शाळा कशासाठी, हाही प्रश्न त्यातच येतो. आपल्याकडे खर्चाला तीन वर्षांत फळ दिसावे लागते, पाचव्या वर्षी फीत कापावी लागते. वर्षानुवर्षे ‘आज काही घडले नाही’ अशी नोंद करणारी माणसे आपल्याला निरुद्योगी वाटतात. तिजोरीचा रखवालदार रोज सकाळी ‘रात्री काही झाले नाही’ असे सांगतो, म्हणून त्याचा पगार वाया गेला, असे कुठला शाखाधिकारी म्हणतो? त्याची पाळी काटेकोर असते म्हणून तर बाकीचे झोपतात. पावसाच्या, भूकंपाच्या, नद्यांच्या पातळीच्या नोंदींचेही तेच. ज्या समाजाला कंटाळवाणी नोंद सांभाळता येत नाही, त्याला आश्चर्याची नोंदही करता येत नाही.

पुढचा निरोप बहुधा निघालेला आहे. आपल्या आकाशगंगेत प्रकाशाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यायला लाखभर वर्षे लागतात. त्यामुळे आज नाही तर उद्या ज्याची वार्ता येईल तो तारा कधीच कोसळून गेलेला आहे, आणि त्याचे न्यूट्रिनो या क्षणी वाटेत आहेत. ते कुणासाठी थांबणार नाहीत. ते आपल्या अंगांतून, घरांतून, डोंगरांतून दहा-पंधरा सेकंदांत निघून जातील. त्या दिवशी वही कुणाची उघडी असेल आणि घड्याळ कुणाचे बरोबर असेल, एवढेच काय ते आपल्या हातात आहे. आणि ते आजच ठरवावे लागते.